कमीत कमी एक लिटर

आमच्या शाळेतली मुलं दरवर्षी एकच चूक करतात, आणि ती त्यांनी करावी म्हणून आपल्या भाषेनंच सापळा लावून ठेवलाय असं माझं जुनं मत आहे.

मी अकरावीला गणित शिकवतो. गुजरातेत, गोडादऱ्याच्या अलीकडे मराठी माध्यमाची शाळा आहे, तिथे. नवरात्रीच्या थोडं आधी असमतांचा धडा येतो. असमता म्हणजे फार काही नाही, रोजच्या जगण्यातली अट चिन्हात मांडायची. रिक्षात जास्तीत जास्त सहा माणसं बसवायची, हे वाक्य घ्यायचं, माणसांना x म्हणायचं, आणि x आणि सहा यांच्या मध्ये ते आडवं, एका बाजूला उघडं चिन्ह काढायचं. त्याला मी चोच म्हणतो. चोच मोठ्या बाजूला उघडते, कारण पाखरालाही मोठाच दाणा हवा असतो. (हे मी पहिल्या वर्षी वर्गात म्हणालो होतो, तेव्हा मुलं हसली होती. त्यानंतर दरवर्षी म्हणतो. आता कोणी हसत नाही, पण मला थांबता येत नाही.)

तर चूक अशी. "परीक्षेला बसण्यासाठी कमीत कमी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, हे चिन्हात लिहा," असं सांगितलं की अर्धा वर्ग हजेरी पंचाहत्तरपेक्षा लहान करून मोकळा होतो. 'कमीत कमी' या शब्दात कमी दोनदा आलंय ना! दोनदा कमी ऐकल्यावर मुलानं मोठ्याचं चिन्ह काढायचं तरी कसं?

"म्हणजे पंचाहत्तरच्या खाली हजेरी असेल त्यालाच बसू द्यायचं का परीक्षेला?" मी विचारतो.

"चालेल सर!" मागच्या बाकांवरून उत्तर येतं.

घरी अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि मोबाइलवर हिंदी बोलणारी ही मुलं. पण त्यांना कुठेच सुटका नाही. गुजरातीत ओछामां ओछुं, हिंदीत कम से कम, सगळीकडे तोच सापळा. म्हणून मी एक नियम काढला. शब्द जिकडे ओढेल त्याच्या उलट चोच. 'कमीत कमी' ऐकलं की मोठं, 'जास्तीत जास्त' ऐकलं की लहान. हा नियम मी इतकी वर्षं इतक्या जोरात शिकवलाय की भाजीबाजारात जुने विद्यार्थी नमस्काराऐवजी "सर, उलट चोच!" असं ओरडतात. बायको सोबत असली की तिला लाज वाटते. मला, खोटं कशाला बोलू, छाती फुगल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी हा धडा सुरू होण्याच्या सुमारास माझ्या आईचे पाय सुजले.

आईला आम्ही माय म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेली. वडील लूमवर आणि ती बॉबिन भरायला, असं दोघांनी बमरोलीत आयुष्य काढलं. वडील गेले, लूमवाल्यानं लूम भंगारात दिले, पण माय अजून बमरोलीतच, माझ्याकडे, आणि अजून हातानं हवेत काहीतरी गुंडाळत बसल्यासारखी बोटं हलवते. ती आजारी पडते ते कोणाला सांगत नाही. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून थांबली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "हाऊ जिना वाढी गया का रे भाऊ?" तेव्हा मला कळलं. पायावर बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला, कणकेत पडावा तसा.

शनिवारी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, गुजराती, भला माणूस, पण बोलणं लूमच्या धोट्यासारखं, इकडून तिकडे कधी गेलं ते दिसत नाही. ईसीजीची पट्टी काढली, छातीचा फोटो काढला, आणि म्हणाले की हृदय थोडं दमलंय. गोळ्या लिहिल्या. मीठ बंद म्हणाले. आणि कागदावर लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले, "अने माजीने पाणी ओछामां ओछुं आपवानुं, एक लिटर."

मी मान डोलावली.

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगतो. ओछामां ओछुं, एक लिटर. वीस-बावीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं यंत्र खटकन चाललं. उलट चोच. पाणी मोठं किंवा एक लिटरइतकं. डॉक्टरांनी शेवटी विचारलंसुद्धा, "कंई पूछवुं छे?" मी रोज पाच तासिकांना पाच वर्गांसमोर उभा राहून "शंका असेल तर विचारा, लाजू नका" असं सांगतो. मी म्हणालो, "ना ना, समजाई गयुं."

घरी आल्यावर मी एक कागद घेतला, त्यावर ठसठशीत अक्षरात 'पाणी' लिहिलं, पुढे माझी लाडकी चोच, खाली बरोबरची रेघ, पुढे एक लिटर, आणि तो फ्रिजवर चिकटवला. खाली रोजचे पाच चौकोन आखले, एकेका पेल्याचे. पेला दोनशे मिलिलिटरचा आहे हे मी औषधाच्या मापानं मोजून ठरवलं.

बायको बघत होती. "भाजी आणायला पाठवलं की विसरून येता. याला मात्र चौकोन."

"अटी स्पष्ट लिहिलेल्या असल्या म्हणजे चूक होत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी त्या आठवड्यात आणखी दोनदा म्हणालो असेन.

मायला पाणी नको असायचं. आयुष्यभर ती पाणी बेतानंच प्यायली होती. बॉबिन भरणाऱ्या बायकांना जागेवरून उठायची सोय नसे, त्यामुळे पाणी कमी प्यायची सवय लागलेली. सकाळचा पहिला पेला मी शाळेत जायच्या आधी स्वतः पाजायचो.

"ढोरले पाजतस तसं पाजी राह्यना तू माले," ती म्हणायची.

"माय, डॉक्टरनी सांगितलंय."

"डॉक्टरले काय, त्याले कुठे पेवानं शे?"

पण प्यायची. एरवी ही बाई कुणाचं ऐकणारी नव्हे. बंद केलेलं लोणचं तिनं दाराआडून खाल्लेलं मी पाहिलंय, तंबाखूची मिसरी सोडली म्हणून सांगून दोन वर्षं ती लावताना पाहिलंय. पाण्याच्या बाबतीत मात्र तिनं एकदाही फसवलं नाही. चौकोनात टिकमार्क केलेला तिला आवडायचा. "मास्तरना पोऱ्या पास व्हयना," म्हणायची, पोऱ्या म्हणजे ती स्वतः.

तिसऱ्या दिवशी सूज वाढली. आता, शहाण्या माणसाला इथे शंका यावी. मला शंका आली नाही, कल्पना आली. शरीरातली घाण पाण्यानंच बाहेर पडते, असं कुठल्याशा मोबाइलवरच्या संदेशात वाचलं होतं. आणि 'मोठं किंवा एक लिटरइतकं' या अटीची गंमत अशी की तिला वरून छप्पर नसतं. एक चालतं, दीड चालतं, दोनही चालतं, गणित काही म्हणत नाही. मी फ्रिजवरच्या कागदावर आणखी दोन चौकोन वाढवले. पाचाचे सात झाले.

बुधवारी माय आडवी होईना. आडवी झाली की उठून बसायची. दुपारभर गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड थोडं उघडं ठेवून. पाऊस संपलेला, उकाडा असा की खालच्या डाइंग मिलच्या वाफेनं हवाच ओली झालेली. मी स्वतःला सांगितलं, उकाड्यानं होतंय. मग पेपर तपासायला बसलो. एक पेपर तपासला, उठलो, गॅलरीत जाऊन आलो. पुन्हा बसलो, त्याच पेपरला पुन्हा गुण दिले, या वेळी दोन कमी. पुन्हा उठलो.

"बसा की एका जागी," बायको म्हणाली. "तुमच्याकडे बघून त्यांना जास्त धाप लागते."

"तिला आजचे किती पेले झाले?"

"सहा."

"मग एक राहिला," मी म्हणालो, आणि स्वतः जाऊन तो पाजला. हे मी विसरू शकलेलो नाही. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला होता आणि मधे दोनदा थांबून श्वास घेतला होता.

गुरुवारी अकरावीला तिसरी तासिका. मी मुलांना म्हणालो, आज पुस्तक बंद, आपापल्या घरातली एकेक अट आणा आणि चिन्हात मांडा. दरवर्षी हा दिवस मला आवडतो. कोणी शेअर रिक्षा आणतं आणि खरी अट नऊ माणसांची निघते. कोणी गरब्याच्या पासचं वय आणतं. इच्छापोरला कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्या एकाच्या बापाच्या बसची वेळ आली, ती पकडायला घरातून किती वाजेपर्यंत निघावं याची. पण त्या दिवशी माझं लक्ष लागत नव्हतं. खिडकीपाशी जायचं, परत फळ्यापाशी यायचं. खडू तीन वेळा मोडला.

तिसऱ्या बाकावर गोडादऱ्यातल्या रो-हाउसमधली एक मुलगी बसते. तिची आई घरी साड्यांना खडे चिकटवते आणि ही तिला हात लावते, त्यामुळे तिच्या नखांच्या कडेला कायम डिंकाचा चकचकीत थर असतो. ती अभ्यासात हुशार आहे आणि तिला ते माहीत आहे. तिनं आधी एक सोपी अट मांडली. साधी साडी पाऊण तास, भारी साडी दीड तास, शाळेनंतर दोघींचे मिळून जास्तीत जास्त सहा तास. बरोबर लिहिली. मग उभीच राहिली.

"सर, अजून एक विचारू?"

"विचार."

"आमच्या सोसायटीच्या टाकीवर बोर्ड आहे. पाणी ओछामां ओछुं वापरो. याचं चिन्ह काय?"

"उलट चोच!" मागच्या बाकांनी एका सुरात सांगितलं. मला बरं वाटलं.

"मग मोठं ना?" ती म्हणाली. "म्हणजे पाणी जास्त वापरा असं झालं. मग बोर्ड लावला कशाला?"

वर्ग हसला. मीही हसलो, जरा वरवरचं. "किती ओछुं ते लिहिलंय का? आकडा नसेल तर असमता होत नाही."

"पहिलं नव्हतं. परवा कोणीतरी त्याच्या खाली खडूनं लिहिलं, वीस बादली." ती वहीत बघून म्हणाली. तिनं बोर्ड तसाच्या तसा उतरवून आणला होता. "पाणी ओछामां ओछुं वापरो, वीस बादली. शेजारचे काका म्हणतात, कमीत कमी वीस आपल्या हक्काच्या. माझी मम्मी म्हणते, असं नाही, कमी वापरा आणि वीसच्या वर जाऊ नका असं आहे. कालपासून नळावर भांडण चाललंय. तुमच्या नियमानं तर काका बरोबर. पण सर, बोर्ड मम्मीसारखाच वाटतो."

मी फळ्याकडे वळलो. लिहायला सुरुवात केली, 'पाणी', आणि हात तिथेच थांबला.

माजीने पाणी ओछामां ओछुं आपवानुं. एक लिटर.

मी ते वाक्य मनात दोनदा म्हटलं. एकदा स्वल्पविराम ठेवून, एकदा काढून. मग पाठीमागून कोणी "सर?" म्हणालं, आणि मला जाणवलं की मी फळ्याला हात टेकवून उभा आहे.

वर्गात मोबाइल आणला तर मी जप्त करतो. माझ्या टेबलाच्या खणात आत्ताही दोन पडलेत. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर खिशातून मोबाइल काढला, व्हरांड्यात गेलो आणि घरी फोन लावला. बायकोनं चौथ्या रिंगला उचलला.

"मायला पाणी देऊ नकोस."

"आत्ताच पाचवा पेला दिला. आज लवकर उरकतंय," ती म्हणाली.

"अगं, देऊ नकोस म्हणतोय ना!"

"ओरडताय कशाला? तुम्हीच तर कागद लावलाय."

"ते उलटं होतं."

"काय उलटं होतं?"

"चिन्ह."

मग तिचा आवाज बदलला. "अहो, आईंना आत्ता बोलताना दम लागतोय. ओठ कसेतरी दिसतायत. मी तुम्हाला फोन करणारच होते, आणि तुम्ही चिन्ह काय घेऊन बसलात? निघा आधी."

शेजारच्या वर्गातल्या बाईंना "माझा वर्ग बघा" इतकंच म्हणालो. जिना उतरताना मागून तिसऱ्या बाकावरची ती मुलगी व्हरांड्यात आलेली दिसली, हातात उघडी वही. तिला बिचारीला वाटलं असणार की आपल्या प्रश्नानं सर पळाले. तसंच होतं म्हणा.

गोडादऱ्यापासून बमरोली मी रोज पाऊण तासात जातो, त्या दिवशी किती वेळ लागला माहीत नाही. उधन्याच्या पुलावर साड्यांच्या गठ्ठ्यांचा टेम्पो आडवा झालेला. एक गठ्ठा दोरीतून सुटून लोंबत होता, आणि तो पडेल या भीतीनं मागचे सगळे अंतर राखून उभे होते. सिग्नलवर आकडे उलटे उतरत होते, नव्वद, एकोणनव्वद. मी आयुष्यभर मुलांना आकडे शिकवले आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आकडे फार सावकाश जातात. स्कूटर बंद केली, चालू केली, परत बंद केली. शेजारच्या मोटारसायकलवरचा माणूस म्हणाला, "काका, शांती राखो." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं गाडी थोडी बाजूला घेतली.

मनात एकच हिशेब चालू होता. शनिवार रात्रीपासून किती पेले. पाच, पाच, पाच, मग सात. प्रत्येक पेला माझ्या कागदावर टिकमार्क होऊन उभा होता. इतका नीट पुरावा कुठल्या गुन्हेगारानं स्वतःविरुद्ध ठेवला नसेल.

घरात शिरलो तर माय खुर्चीत. बायको मागे उभी राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला अवेळी आलेला पाहून मायनं डोळे मोठे केले. तिला वाटलं मी तपासायला आलो. शेजारच्या स्टुलावर सहावा पेला भरून ठेवलेला होता, फोनच्या आधीच, त्याकडे तिनं हात केला.

"पेस, पेस," ती म्हणाली. दोन शब्दांच्या मधे श्वास. "जरा… थांब. मंग पेस."

मी पेला उचलून मोरीत ओतला. ती बघत राहिली.

बायकोनं फाइल काढली. डॉक्टरांचा कागद मी शनिवारी औषधवाल्याकडे दिला होता, गोळ्या घेतल्या होत्या, आणि घडी घालून ठेवून दिला होता. वाचला नव्हता, कारण मला तर समजलं होतं. आता उघडला. गोळ्यांच्या खाली, एका कोपऱ्यात, इंग्रजीत पाणी, मग चोच, मग एक लिटर. चोच एक लिटरच्या बाजूला उघडलेली. म्हणजे पाणी लहान, एक लिटर मोठं. कुठलाही अकरावीचा मुलगा वाचेल. डॉक्टरांनी माझ्यासाठी, गणिताच्या मास्तरासाठी, अट चिन्हात मांडून दिली होती. मी ते त्या दिवशी त्यांच्या हातात असताना पाहिलंही होतं आणि पेनाचा फराटा समजलो होतो.

"हे तुमचंच ना?" बायको चिन्हावर बोट ठेवून म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होती. टोमणा असता तर बरं झालं असतं.

रिक्षात मधे माय, दोन्ही बाजूंनी आम्ही. ती पुढे वाकून समोरचा दांडा धरून बसलेली. प्रत्येक खड्ड्याला मी रिक्षावाल्याला "धीरे" म्हणायचो आणि लगेच "जल्दी". शेवटी तो म्हणाला, "चाचा, एक बोलो."

डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि काही न विचारता आत घेतलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. मग पायावर बोट दाबून खळगा पाहिला, फुप्फुस ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "पाणी केटलुं पीए छे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माय मास्क बाजूला करून बोलली. "मनी चूक शे, डॉक्टरसाहेब. माले तहान भलती लागस. पोरगा नको नको करे, मी चोरीसन पिऊ."

डॉक्टरांना अहिराणी येत नाही. त्यांनी मला विचारलं, "माजी शुं कहे छे?"

आता भाषांतर करणारा मीच. बायको माझ्याकडे बघत होती, माय माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांनी सांगत होती की एवढं पुढे सरकव. ज्या बाईनं पाच दिवस एक घोट चोरला नाही ती चोरी कबूल करत होती. मला एक क्षण, खरं सांगतो, मोह झाला. वाक्य सोपं होतं, गुजरातीत नीट बसत होतं.

"कहे छे के भूल एनी छे," मी म्हणालो. "पण खोटुं बोले छे. भूल मारी छे. में ओछामां ओछुं एक लिटर समज्युं. लिटर अने उपर. दोढ लिटर पायुं."

डॉक्टरांनी फाइल उघडून कागदाचा तो कोपरा दाखवला. "में तो लख्युं छे, माष्टर."

"हा."

"तमे शुं भणावो छो?"

"गणित."

ते हसले नाहीत. हसायला हवे होते, मी तयार होतो. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि या वेळी एकेक शब्द सुटा करून बोलले, जसा मी मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलतो. एक बाटली, एक लिटरची. सकाळी भरायची. चहा, ताक, डाळीचं पाणी, गोळीबरोबरचा घोट, जे काही द्रव पोटात जाईल तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकायचं. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं. "बाकी रहे तो वांधो नथी," म्हणाले, उरलं तर हरकत नाही. मग त्यांनाही शंका आली असावी, म्हणून त्यांनी मलाच ते परत सांगायला लावलं. मी उभा राहून सांगितलं.

"अने जे बोल्यो," ते उठता उठता म्हणाले, "हवे बीजी रीते बोलीश." त्यानंतर ते बाहेर दुसऱ्या पेशंटला सांगताना मी ऐकलं, "एक लिटरथी वधारे नहीं." आकडा आधी, 'जास्त नाही' ही अट मग. त्यांचं त्यांनी बदललं होतं.

दोन दिवस माय तिथे होती. अंगातलं पाणी औषधानं उतरत होतं. शनिवारी दुपारी ती उशीवर पाठ टेकून पडली, सलग, आणि झोपली. मी पलंगाच्या पायाशी बसून तिच्या घोट्यावर बोट दाबत होतो. खळगा पडायचा, पण आता भरून यायचा. पुन्हा दाबायचो. चौथ्या वेळी ती डोळे न उघडता म्हणाली, "कणीक मळी राह्यना का?"

सोमवारी वर्गात गेलो. फळ्यावरच्या माझ्या अर्धवट 'पाणी'भोवती मुलांनी चौकट आखली होती आणि ते कोणाला पुसू दिलं नव्हतं. मी त्या मुलीला उभं केलं आणि सगळ्यांसमोर उत्तर दिलं. 'पाणी ओछामां ओछुं वापरो' ही अट नाही, ती इच्छा आहे, शक्य तितकं कमी करा एवढंच ती म्हणते, तिला चोच नाही. 'वीस बादली' ही अट. दोन वेगळी वाक्यं कोणीतरी एका फळीवर चिकटवली. मम्मी बरोबर. काकांना सांग की वीसच्या वर जाऊ नका.

"मग उलट चोच नियम?" मागून आवाज.

"नियम पाठ करायच्या आधी वाक्य कोण कशासाठी बोलतंय ते बघा," मी म्हणालो. "बोर्ड लावणाऱ्याला पाणी वाचवायचंय की संपवायचंय? तेवढं विचारलंत तर चोच आपोआप वळते. नियमाचं काय, मी पण पाठच केला होता."

"सर, तुम्ही त्या दिवशी पळालात का?" तिनं विचारलंच.

सांगितलं. सगळं नाही, पण फ्रिजवरचा कागद सांगितला. वर्ग हसला नाही, मागचे बाकही. मला वाटलं होतं हसतील, मी तसंच सांगत होतो. मग एकानं हळूच विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना?"

बऱ्या आहेत. म्हणजे, बाटली आहे. सकाळी मी भरतो आणि दिवसभर ती तिच्या खुर्चीशेजारी उभी असते. आयुष्यभर पाणी न मागणारी माझी आई आता मागते. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि नको म्हणून सांगितलेल्या गोष्टीची ओढ लागते ती वेगळीच. ऑक्टोबरच्या उकाड्यात चार वाजता बाटलीत बोटभर उरलेलं असतं आणि संध्याकाळची गोळी बाकी असते. मी बर्फाचा चुरा चमच्यावर ठेवून देतो, तोही बाटलीतून वजा करून. ती जिभेवर धरते आणि डोळे मिटते.

"पैले पाजी पाजी मारे," ती बायकोला सांगते, "आते तहाननी मारी राह्यना. तुना नवराले मधलं काही येतच नही."

बायको हसते. मी उठून गॅलरीत जातो, परत येतो.

आणि रोज सकाळी, काही खायच्या आधी, वजन. डॉक्टरांनी सांगितलंय, दोन दिवसांत एक किलोपेक्षा जास्त वाढलं तर थेट घेऊन या, वाट बघू नका. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी तीन वेळा विचारलं. न्हाणीघराच्या दाराशी वजनकाटा ठेवतो, सुईचा, गोल तबकडीवाला. मायला त्यावर चढायची भीती वाटते, खालचा पत्रा हलतो म्हणून. ती माझा खांदा धरते.

"माय, हात सोड."

"पडसू ना."

"मी आहे इथे. पण हात ठेवलास की वजन मला येतं, काटा कमी दाखवतो."

"मंग चांगलंच शे."

"चांगलं नाही. सोड."

ती एक बोट सोडते, मग दुसरं. मी खाली वाकलेला, चष्मा कपाळावर, दोन्ही हात तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, न टेकवता. शेवटचं बोट सुटतं. सुई एकदम उजवीकडे जाते, परत येते, थरथरते, काही केल्या एका जागी थांबत नाही. वरून माय विचारते, "काय व्हयनं?" आणि मी म्हणतो, थांब, हलू नकोस, अजून वाचतोय.